लग्नातली परात

फोन आला तेव्हा कृष्णराव कारध्याच्या घरी अंगणात बसून चिंचेच्या कोळानं पितळेची परात घासत होते. भंडाऱ्याच्या दवाखान्यातून त्यांची मुलगी साधना बोलत होती.

"बाबा, आई गेली."

"कवा?"

"आत्ताच. तुमाले विचारून राहिली होती."

कृष्णरावांनी परात विसळली, पुसली आणि मग उठले.

रुखमिणीबाई तीन आठवडे दवाखान्यात होत्या. मास्तरीण होत्या, वाचनाचं वेड. उशाशी लढाईवरची एक जाड कादंबरी होती. बऱ्या झाल्या की वाचनालयात तिच्यावर बोलणार होत्या. डोळे थकले की कृष्णराव वाचून दाखवत, अडखळत. जन्मभर भांडी ठोकली, सहावीनंतर पुस्तक हातात धरलं नव्हतं.

आदल्या संध्याकाळी एक कप्तान शेवटची भाकर बारा शिपायांत वाटतो आणि आपल्या लोखंडी टोपात पाणी घेऊन शत्रूच्या कैद्याचे पाय धुतो, तिथवर ते आले. कृष्णरावांना पटेना. पाय धुवावेत ते नवरदेवाचे, कैद्याचे काहून? रुखमिणीबाईंनी थांबत थांबत सांगितलं. येशूनं पकडले जाण्याआधीच्या रात्री शिष्यांसोबत भाकर मोडली, त्यांचे पाय धुतले. जो धरून देणार होता, त्याचेही. लिहिणाऱ्यानं तेच लढाईत आणून ठेवलं आहे.

कृष्णराव रुखमिणीबाईंच्या सुजलेल्या पायांकडे पाहत बसले.

"उद्या तुये पाय धुतो."

"मी का कैदी आहो?" त्या हसल्या. पण पाय चादरीत ओढून घेतले नाहीत.

सकाळी साधनानं प्लास्टिकचा टब आणला. तो कृष्णरावांना चालेना. लग्नात सासऱ्यांनी ज्या परातीत त्यांचे पाय धुतले होते, तीच हवी.

"त्या कप्तानाले टोप पुरला," रुखमिणीबाई म्हणाल्या, "तुमाले परात लागते."

"आत्ता येतो."

पूल ओलांडून ते घरी आले. परात काळी पडली होती. तशी नेणं त्यांच्या हातांना जमेना. काठाचा एक डाग निघता निघत नव्हता.

दुपारी रुखमिणीबाईंना घरी आणलं. शेजारच्या बायकांनी दार लोटून आंघोळ घातली. पाय तेवढे मी धुतो, असं कृष्णरावांच्या ओठांवर आलं होतं. चारचौघांत ते बोलवेना.

पुढं साधनानं कादंबरी वाचनालयात परत केली. परात फळीवर आहे, डाग निघाला आहे.

पाय धुवायचे राहिले.