दिल्ली ते हैदराबाद, दोन तास

वडील आप्पा अत्यवस्थ असल्याची तार दिल्लीला आली तेव्हा अण्णाराव कचेरीत होता. रेल्वेनं गावी सेलूला पोचायचं तर दोन दिवस मोडणार. साहेबच म्हणाले, "विमानानं हैदराबादला जा. साडेबाराशे किलोमीटर आहे, दोन तासांत पोचाल." सेलूच्या ईश्वरअप्पा अडत्याच्या घरातलं आजवर कुणी विमानात बसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमान उडालं. खाली तपकिरी रानं सरकत होती. आपलं गाव तिकडं पश्चिमेला असेल, म्हणून त्यानं काचेला कपाळ टेकवलं आणि तसाच त्याचा डोळा लागला. हैदराबादला त्याला हलवून उठवावं लागलं. उरलेल्या चारशे किलोमीटरला मात्र अरुंद रुळांवरच्या गाडीनं अख्खी रात्र घेतली.

घरापुढं माणसं बसली होती. त्याला पाहून कुणी हंबरडा फोडला नाही. धाकटा भाऊ वीरभद्र तरातरा पुढं आला.

"दादा, कुटं गेलतास? कालपासून समदं गाव हुडकायलंय तुला!"

"मी आत्ताच गाडीतून उतरलोय, वीरू."

"आता काय बोलावं! काल सकाळी आलास, आप्पाला पानी पाजलंस, भस्म लावलंस. त्यांनी जीव सोडला, अन् तू 'आलोच' म्हणून परसात गेलास तो गेलासच. थोरला ल्योक न्हाई तर माती कशी द्यायची?"

अण्णाराव आत गेला. लिंगायत रीतीप्रमाणं आप्पांना भिंतीशी बसवलं होतं, डाव्या तळहातावर इष्टलिंग. कपाळावर भस्माचे तीनऐवजी दोनच पट्टे होते आणि मधली जागा कोरी. त्यानं आपला उजवा हात पाहिला. मधलं बोट पोरपणीच कापसाच्या जिनिंगच्या यंत्रात गेलं होतं. त्याच्या हातून भस्म असंच उमटायचं.

भावाला बाजूला घेऊन त्यानं विमानाचं तिकीट दाखवलं. "त्या वेळेला मी आभाळात होतो."

वीरभद्राचं तोंड पांढरंफटक पडलं. "मग मी तांब्या कोनाच्या हातात दिला?" मग दादाचा हात घट्ट धरून तो पुटपुटला, "अव्वाला सांगू नको. तुज्या पाया पडतो."

शेतात खोदलेल्या समाधीत अण्णाराव उतरला. आप्पांना बसवलं, बेलपानं वाहिली. वर येऊन माती लोटताना त्याला वाटलं, शेजारी आणखी कुणाचे तरी हात माती लोटताहेत. त्यानं वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी अव्वानं, म्हणजे आई मल्लम्मानं, लेकाला जवळ बसवून घेतलं. तिचा चेहरा शांत होता.

"विमानानं आलास म्हनून गाठ पडली, बाबा. रेल्वेनं आला असतास तर तुज्या हातचं पानी मिळालं नसतं त्यांला." ती पुढं वाकली. "कानात काय सांगितलंस रे? ऐकून लय हसले."

"म्हणालो, आलोय आप्पा."

"न्हाई. लय येळ बोलत हुतास."

पुढं दर सुट्टीत तो घरी आला की जेवणं उरकल्यावर म्हातारी हळूच विचारायची, "आता तरी सांगशील?" ती वारेपर्यंत त्याला उत्तर सापडलं नाही. खोटं सांगायचीही त्याला भीती वाटायची. न जाणो, त्या दिवशी आप्पांच्या कानात खरंच बोललेला कुणी ते ऐकत असेल.