मुक्या सिनेमाची लेखिका

"ही पोरगी खोटं बोलायलीय," सूप आपटत कमलबाई सुनेला म्हणाल्या. ज्वारी चौफेर उडाली. "घरात सांगती, बी.एड.चा फारम भरला. अन् पुण्यात सिनेमा लिवायच्या शाळेत नंबर लागलाय! भागवत मास्तरानं सांगितलं तवा कळलं. सत्यशीला, तू आई हाईस का बाहुली?"

सत्यशीलानं मान खाली घातली. पुण्याला होकार उद्याच कळवायचा होता, आणि पेडगावच्या या घरात कमलबाईंच्या शब्दापुढं कुणाचं चालत नसे.

त्यांच्या नातीनं, अर्पितानं, वाद घातला नाही. लॅपटॉप आणून आजीपुढं ठेवला.

"आज्जी, हा सिनेमा बघ. मग काय शिव्या द्यायच्या त्या दे."

"आवाज कुठाय याचा?"

"न्हाईच. शंभर वर्सांमागला, अमेरिकेतला. मुका हाय."

कमलबाईंनी तोंड वाकडं केलं. पण थोड्या वेळानं सूप मांडीवरून खाली उतरलं. मधेच इंग्रजी अक्षरांची पाटी आली. अर्पिता ती वाचून दाखवू लागली, तसा त्यांनी हात आडवा केला.

"गप. कळायलंय मला."

पडद्यावर एक म्हातारी स्टेशनात लेकाला निरोप देत होती. गाडी हलली. तिचा हात वर गेला, अर्ध्यावर थांबला, आणि तिनं उगाच डोक्यावरची शाल सारखी केली.

"हाक मारणार होती," कमलबाई हळूच म्हणाल्या. "मारली न्हाई. त्यो वळलाच नसता, तर?"

सत्यशीला सासूकडं बघतच राहिली. हा आवाज तिनं या घरात कधी ऐकला नव्हता.

"कुणी केलं गं हे?"

"एका बाईनं लिवलं. क्लारा तिचं नाव. स्टुडिओत टायपिंगला लागली, अन् शंभरावर सिनेमे लिवले तिनं."

"कुणी बोलतच न्हाई, तर लिवलं काय?"

"हेच. हात वर जातो, थांबतो, ती शाल सारखी करते. एवढीच ओळ."

कमलबाईंनी पडद्याला बोट लावलं, मूर्तीच्या पायाला लावावं तसं.

"कुठली कोण बाई. तिला काय ठावं माझ्या पोटातलं?"

"मग सिनेमे बोलायला लागले, आज्जी. तिला म्हणाले, आता बोलणं लिवणारी माणसं पायजेत. घरी बसवलं. शेवटी टोप्या शिवून खाल्लं तिनं."

"मुडदे बशिवले त्यांचे! अकली गहाण टाकल्या व्हत्या का?"

त्यांनी लॅपटॉप स्वतःकडं ओढला.

"फिरून लाव."

अर्पितानं सिनेमा पुन्हा पहिल्यापासून लावला. तो संपला, पडदा काळा झाला, तरी कमलबाईंची नजर तिथून हलली नाही. शेवटी त्यांनी नातीकडं पाहिलं.

"खोटं बोललीस, ते मी इसरणार न्हाई. पर जा पुण्याला. अन् ध्यानात ठेव, मी पयलीतूनच शाळा सुटलेली बाई हाय. मला वाचता येईल असं लिव."