आभाळातलं इंटरनेट आणि नुजहतचे हात

मित्रांनो, माझ्या अंगावर चार दिवे आहेत. त्यातला एक आता पेटत नाही, आणि उजवीकडची अँटेना काळ्या चिकटपट्टीने बांधलेली आहे. तरीही माझं काम थांबलेलं नाही. मी राउटर आहे. जुना आहे, पण हट्टी आहे. घरात आलेलं इंटरनेट सगळ्यांना वाटून देणं हे माझं काम.

दूरच्या एका कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर माझा जन्म झाला. कोणी माझ्या पोटात बारीक सुट्या भागांची हिरवी पाटी बसवली, कोणी झाकण लावलं, आणि खोक्यात बसून मी महागावला आलो. तिथे बाजाराजवळ एक दुकान होतं. लोक तिथे अर्ज भरायला, निकाल पाहायला, सातबारा काढायला यायचे. कापसाच्या दिवसांत तर पाय ठेवायला जागा नसायची. मी दिवसभर धावायचो. दुकानदार येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचा, "हा डबा लई इमानदार हाय बरं!" ते ऐकून माझे दिवे जरा जोरात लुकलुकत असावेत.

पण दुकानात नवा, सहा अँटेनांचा राउटर आला आणि माझी रवानगी कपाटाखालच्या खोक्यात झाली. तिथे तुटक्या तारा होत्या, बंद पडलेले माउस होते. माझ्या छिद्रांत धूळ बसली. एका पालीने माझ्यामागे संसार थाटला. मला राग यायचा. बिघडलो असतो तर वेगळी गोष्ट होती. पण मी चांगला होतो, आणि तरी पडून होतो!

एक दिवस फिरोज नावाचा तरुण दुकानातला पंखा दुरुस्त करायला आला. तार शोधता शोधता त्याचा हात माझ्यावर पडला.

"हा काहून पडून हाय इथं?" त्याने विचारलं.

"जुना झाला. घेऊन जा तुले पाह्यजे तं," दुकानदार म्हणाला.

फिरोजने मला फुंकर मारली, सदऱ्याने पुसलं आणि मोटरसायकलच्या डिकीत घातलं. अशा रीतीने मी हबीबचाचांच्या घरी आलो.

हे घर फुलसावंगीच्या पुढे, टेकडीआडच्या वस्तीत आहे. हबीबचाचा आणि त्यांचा मुलगा फिरोज शेतातल्या मोटारी दुरुस्त करतात. टेकडीमुळे या वस्तीत मोबाइलला रेंज मिळत नाही. फोन करायचा तर टेकडी चढावी लागते. तारेचं इंटरनेट इथवर पोचलेलंच नाही. म्हणून त्यांनी टिनाच्या छपरावर उपग्रहाची छत्री बसवून घेतली होती. छत्रीची तार खाली एका डब्यात यायची. तो मोडेम. मोडेम आभाळाशी बोलायचा आणि मी घराशी.

हा सगळा खटाटोप नुजहतसाठी होता. नुजहत ही फिरोजची मोठी बहीण. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. ती यवतमाळला कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकली, तिथे हातांची भाषा शिकली, आणि शिकून झाल्यावर घरी परतली. घरात सगळ्यांना तिच्या थोड्याफार खुणा यायच्या. फिरोजला सगळ्यात जास्त, कारण लहानपणापासून दोघं तसेच भांडत आले होते. पण पोटभर बोलावं असं वस्तीत कोणी नव्हतं. तिला सांकेतिक भाषेची शिक्षिका व्हायचं होतं. त्या शिक्षणाची तयारी करून घेणारे वर्ग संगणकाच्या पडद्यावर भरायचे.

मित्रांनो, आभाळातून येणारी धार बारीक असते. आणि ती पिणारे पुष्कळ होते. हबीबचाचा इंजिनांचे व्हिडिओ पाहायचे. फिरोज सिनेमे उतरवायचा. शेजारच्या इंदूबाईंची मुलगी मैत्रेयी बारावीला होती. तिचाही अभ्यास माझ्यावरच चालायचा. सगळे एकदम सुरू झाले की नुजहतच्या पडद्यावरचं चित्र थिजायचं. ऐकणाऱ्या माणसाला चित्र अडकलं तरी आवाज येतो. नुजहतचं तसं नव्हतं. समोरच्याचा हात हवेत अडकला की तिच्यासाठी वाक्यच तुटायचं. ती पडद्यावर नजर रोखून बसायची, तोवर वर्ग पुढे गेलेला असायचा.

एकदा असंच झाल्यावर फिरोज चिडला. "आपा, पासवर्डच बदलून टाकतो. इंदूमावशीचं बंद, अब्बाचं बंद. फक्त तुयं चालू."

तो बोलता बोलता खुणाही करत होता. नुजहतने दोन्ही हात जोरात आडवे हलवले. तिच्या हातांचं बोलणं मी माझ्या शब्दांत सांगतो. ती म्हणाली, "मैत्रेयीचं तोडून मले नाही शिकायचं. रस्ता काढू."

आणि तिने रस्ता काढला. आठवडाभर ती माझ्या मागे लागली होती. माझ्या पोटातलं सगळं संगणकावर उघडून ती एकेक गोष्ट वाचायची, बदलून पाहायची. दोनदा तिने मला पार गप्प करून टाकलं, तेव्हा रहमतबी, म्हणजे तिची आई, कपाळावर हात मारून म्हणाली, "बिघडवला पोरीनं!" नुजहतने आईकडे पाहून हसत मान हलवली आणि पुन्हा सुरुवात केली. शेवटी तिने माझ्यात रांग लावली. समोरासमोर बोलणाऱ्याची वाट आधी, अभ्यासाची त्याच्या मागे, सिनेमा उतरवणारा सगळ्यांत शेवटी. मैत्रेयीकडे भिंतीमुळे मी नीट पोचत नव्हतो, तर नुजहतने स्वतः भिंतीला भोक पाडून तार ओढली. त्या दिवसापासून कोणी उपाशी राहिलं नाही. फिरोजचे सिनेमे मात्र फार सावकाश उतरायचे.

मग मुलाखतीचा दिवस उजाडला. शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश द्यायचा की नाही, ते पडद्यावरच होणाऱ्या त्या मुलाखतीवर ठरणार होतं. दिवस सोयाबीनच्या मळणीचे होते. मागच्या वावरात मळणीयंत्र धडधडत होतं. रहमतबीने सकाळपासून अंगण दोनदा झाडून काढलं होतं, जणू मुलाखत घेणारे घरीच येणार होते.

तेवढ्यात छपरावर धाडधाड आवाज झाला. वानरांची टोळी! एकाने टिनावरून उडी मारली ती थेट छत्रीवर, आणि तिथून चिंचेवर. माझा इंटरनेटचा दिवा लाल झाला.

"या अल्ला! छत्री फिरवली मेल्यांनी!" रहमतबी ओरडली.

हबीबचाचा बाहेर धावले. छत्रीचं तोंड खरंच वळलं होतं. मित्रांनो, उपग्रह आपल्या डोळ्यांना दिसत नाही, आणि छत्री जराशी जरी कलली तरी त्याची तिची भेट होत नाही.

"कंपनीवाल्याले फोन करू का?" हबीबचाचा म्हणाले.

"तो आज येते का अब्बा? परवा येईन," फिरोज म्हणाला. मग बहिणीकडे वळून हातांनी बोलला, "आपा, बस गाडीवर. महागावले जाऊ."

नुजहतने घड्याळ दाखवलं. वाटेतच वेळ निघून गेली असती. तिने छपराकडे बोट केलं आणि फिरोजला पाना आणायला सांगितलं.

"आपल्यानं जमन काय?" रहमतबीने विचारलं. नुजहतने आईच्या ओठांवरून ते वाचलं. ती तोवर लॅपटॉप घेऊन अंगणात जाऊन बसलीही होती.

मोडेमला उपग्रहाचा सिग्नल किती मिळतो आहे, ते एका आकड्यात दिसतं. तो आकडा मोडेमकडून माझ्यातून नुजहतच्या लॅपटॉपवर जात होता. फिरोज छपरावर चढला. हबीबचाचांनी शिडी धरली आणि खालून ओरडले, "डावीकडं घे! हळू!"

"काय म्हणता? यंत्रापायी काईच ऐकू येऊन नाही राह्यलं!"

चाचांनी पुन्हा ओरडून पाहिलं. त्यांचा घसा बसला, पण मळणीयंत्रापुढे कोणाचं काय चालणार? तेव्हा नुजहतने हात वर केला. फिरोजने तिच्याकडे पाहिलं. तिचा पंजा सावकाश डावीकडे सरकला, फिरोजने छत्री डावीकडे सरकवली. आकडा चढला. अजून थोडं. अजून. आकडा घसरला, तशी तिची मूठ मिटली. थांब! मग दोन बोटं मागे. केसभर मागे. जे घरात वर्षानुवर्षं बहीणभावाचं बोलणं होतं, त्यावर आता छत्री फिरत होती. फिरोजने नट आवळला आणि आवळताना छत्री पुन्हा हलली. त्याने निराश होऊन पाना टिनावर टाकला. नुजहत उठून उभी राहिली. तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि हात पुन्हा वर केला. फिरोजने पाना उचलला.

या वेळी तिने छत्री हव्या त्या जागेच्या थोडी पुढे जाऊ दिली आणि मगच नट आवळायला लावला. छत्री आवळताना मागे आली, ती बरोबर जागेवर. माझा दिवा हिरवा झाला!

नुजहत खोलीत येऊन बसते न बसते तोच पडदा उजळला. मुलाखत घेणारे पांढऱ्या दाढीचे गृहस्थ होते. त्यांनाही ऐकू येत नव्हतं. त्याच वेळी शेजारी मैत्रेयीची सराव परीक्षा सुरू झाली.

इंदूबाई दारात येऊन म्हणाल्या, "रहमतबी, पोरीले सांगतो पेपर राहू दे. पहिले नुजहतचं होऊ दे."

फिरोजने पडद्याच्या बाजूला उभं राहून ते नुजहतला खुणांनी सांगितलं. तिने पडद्यावरची नजर न हलवता हाताने नाही म्हटलं.

मी तापलो होतो. माझं झाकण चटके देत होतं. पण मी ठरवलं होतं, एकही हात हवेत अडकू द्यायचा नाही. नुजहतचं बोलणं आभाळात जायचं, थोड्या उशिराने उत्तर यायचं, आणि ती शांतपणे वाट पाहायची. त्या गृहस्थांनी तिच्या मळणीच्या धुळीने माखलेल्या बाह्यांबद्दल विचारलं. तिने वानरांची हकिकत सांगितली. ते इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग त्यांनी विचारलं, "शिक्षिका कशासाठी व्हायचं?" ती म्हणाली, "माझा भाऊ माझ्याशी बोलतो. ज्यांच्या घरात कोणीच बोलत नाही, त्यांच्यासाठी."

तिला प्रवेश मिळाला. मैत्रेयीचा पेपरही पूर्ण झाला.

अभ्यासक्रम पूर्ण करून आता नुजहत स्वतः पडद्यावरूनच शिकवते. तिची सगळ्यात लहान विद्यार्थिनी उर्वशी ही कोळशाच्या खाणींच्या वणी गावातली, सहा वर्षांची. तिलाही ऐकू येत नाही. नुजहतची अट असते की मुलाबरोबर आईनेही शिकायला बसायचं. उर्वशीची आई लालीबाई आधी लाजायची. "या वयात हात नाचवायचे का मी?" म्हणायची. पण बसायची. परवा धडा खाण्यापिण्याचा होता. नुजहतने दूध, भाकरी, वरण यांच्या खुणा शिकवल्या. उर्वशीने दुधाची खूण केली, मग नाक मुरडून 'नको'ची खूण केली. पुन्हा केली. लालीबाई पाहतच राहिली.

"म्हणजे तुले दूध आवडतच नाही?" ती म्हणाली, आणि मग आठवून आठवून, चुकत चुकत, तेच हातांनी विचारलं. उर्वशीने होकारार्थी मान डोलावली. "माय माय! रोज पेला भरून देऊन राह्यली न मी तुले. सांगितलं काहून नाही?" असं म्हणता म्हणता लालीबाईला रडू फुटलं, आणि रडताना ती हसत होती.

मित्रांनो, हे बोलणं माझ्यातून गेलं. म्हणून मला थांबायचं नाही. मी तुमच्याकडे फार मागत नाही. तुमच्या घरी माझ्यासारखं कोणी असेल तर त्याच्यावर कपडे टाकू नका, त्याला वारा लागू द्या, अधूनमधून त्याची धूळ पुसा. नवं आलं म्हणून चांगलं असलेलं कोपऱ्यात फेकू नका. आणि घरात धार बारीक असेल तर भांडू नका. कोणाची गरज मोठी आहे ते पाहा, त्याला पुढे जाऊ द्या. पण मागच्याला तहानलेलं ठेवू नका.

नुजहतचा आजचा वर्ग सुरू व्हायची वेळ झाली आहे. उर्वशी आली आहे, तिने पडद्यावर हात हलवला आहे. माझे तीन दिवे हिरवे आहेत. मी तयार आहे.