दालचिनीचा उतार

माझ्या एल्विनामावशीचा जन्म दालचिनीची साल काढण्यात गेला. माहे बेटावरच्या आमच्या डोंगरउतारावर तिचा हात लागला नाही असं झाड नव्हतं. तिच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे माझ्या आईला, नेमकी तीच झाडं नकोशी झाली होती. आईने घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली होती. पाहुणे यायचे ते बेटाचं मूळचं जंगल बघायला आणि जमल्यास एखादं रोप लावून जायला. पण दालचिनी इतकी माजली होती की इथल्या झाडांना ऊनच मिळत नव्हतं.

"ताई, थोडी तरी तोडू दे," आई विनवायची.

"आधी मला तोड."

शेवटी एका सकाळी आई करवत आणि चार पाहुणे घेऊन वर गेलीच. मावशी आधीच आजोबांनी लावलेल्या झाडाला टेकून उभी होती. तिच्याकडे न बघता आई पाहुण्यांना सांगू लागली, "हे झाड इथलं नाही. जहाजातून आणलेलं. यानं इथल्यांची जागा बळकावली."

"आणि आपण गं, नादेज?" मावशी कडाडली. "आपली खापरपणजी काय इथे उगवली होती? तिलाही साखळ्या घालून जहाजातूनच आणली ना? घे, चालव माझ्यावरही!"

आईच्या हातातली करवत खाली आली. पाहुण्यांना परत पाठवून ती मावशीजवळ मातीतच बसली.

"चुकलं माझं, ताई. तसं नव्हतं म्हणायचं."

मावशीने दाट सावलीतल्या एका गुडघाभर ताडाकडे बोट केलं. "हा इथलाच. मी कधीपासून बघतेय, तसूभर वाढला नाही."

"उपाशी आहे गं तो. उन्हाचा."

"मग त्याच्या डोक्यावरची दोन तोड. साल मी काढणार. आणि बाबांच्या झाडाला हात लावलास तर बघ!"

"नाही लावत, बाई."

पुढच्या पावसापर्यंत त्या ताडाला नवं पान फुटलं. आता दालचिनी थोडी थोडी कमी होते आणि त्या जागी पाहुणे रोपं लावतात. परवा एक उंच जर्मन गृहस्थ रोप खड्ड्यात कोंबत होते, तेवढ्यात मावशी आमच्या क्रिओल बोलीत गरजली, "अरे घोड्या, मुळं मोडशील! हळू, लेकरू आहे ते!"

त्यांना शब्दही कळला नाही, पण हात मऊ झाले. "ती काय म्हणाली?" त्यांनी आईला विचारलं.

"छान लावताय, म्हणाली," आईने सांगितलं, आणि हसू लपवायला तोंड फिरवलं.