केंझेतायचं टपाल

केंझेतायने पत्रपेटीत हात घातला आणि चटका बसावा तसा बाहेर ओढला. बोटांना काहीतरी गार, बुळबुळीत लागलं होतं. त्याने बोटं नाकाशी नेली. माशाची आतडी. कुणीतरी मासा साफ करून आतली सगळी घाण त्याच्या पेटीत कोंबून ठेवली होती आणि तीही आजची नव्हती.

भिंतीला हात पुसायचा त्याला धीर झाला नाही. त्या भिंतीवर काय असेल याचा भरवसा नव्हता. हात अंगापासून लांब धरून, दुसऱ्या हाताने कठडा चाचपत तो तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरी गेला आणि बर्फासारख्या पाण्याखाली हात धूत राहिला. साबण झिजला, बोटं बधिर झाली, तरी त्याचं समाधान होईना. एखाद्याच्या उघड्या डोळ्यांत गटाराचं पाणी उडावं, तसं त्याला झालं होतं. कारण बघायचं म्हटलं तरी बोटांनी, वाचायचं म्हटलं तरी बोटांनी.

बल्खाश तळ्याकाठच्या तांब्याच्या कारखान्यात तो ऐन तिशीत भट्टीवर होता. एके दिवशी रस उसळला आणि डोळे गेले. मग आंधळ्यांच्या ब्रश बनवायच्या कारखान्यात त्याने हयात काढली. ब्रेल शिकला तो चाळिशी उलटल्यावर, भाजून जाड झालेल्या बोटांनी. पहिलं वर्ष तर त्याला ठिपके कळतच नव्हते, नुसता कागद खरखरीत लागायचा. पण बायको चिकाटीची. "तुला काय घाई आहे? कुठे गाडी पकडायचीय?" म्हणायची आणि पुन्हा पान पुढे सरकवायची. आता बायको नव्हती, मुलगी लग्न होऊन रशियात गेली होती आणि ब्रशचा कारखानाही बंद पडला होता. उरली होती ती अल्माटीच्या आंधळ्यांच्या वाचनालयाहून टपालाने येणारी पुस्तकं. सध्या मीठ वाहणाऱ्या तांड्यातल्या एका वैदूची लांबलचक कादंबरी चालू होती. ती पाच जाडजूड खंडांत होती. एक वाचून परत पाठवला की पुढचा यायचा.

पूर्वी पेट्यांना दारं होती, कुलपं होती, रिम्मा टपालवाली मोठं पुस्तक असलं तर पेटीवर नीट टेकवून ठेवायची. पण देश बदलला, पगार थांबले, आणि लोकांनी जे जे उचकटता येईल ते ते उचकटून भंगारात घातलं. आधी जिन्यातले दिवे गेले, मग तळघराचं दार, मग पत्रपेट्यांची ॲल्युमिनियमची दारं. उघडी खुराडी तेवढी राहिली. त्यांत लोक सिगारेटची थोटकं विझवू लागले, सूर्यफुलाच्या बियांची थुंकीने ओली टरफलं टाकू लागले. जिन्यात उभं राहून गप्पा मारणाऱ्यांना तर ती आयतीच थुंकदाणी झाली. मांजरं वरच्या खणांत मुतायची आणि ते खालच्या खणांत ठिबकायचं.

दुसऱ्या दिवशी रिम्माची पावलं ओळखून तो खाली गेला.

"माझ्या पेटीत काय ठेवलं होतं, बघितलंस का?"

"बघितलं नाही. वासावरून कळलं," रिम्मा म्हणाली. "केंझेताय, तुला खरं सांगते, मी आता या पेट्यांत हात घालणार नाही. परवा त्या चौथ्या खणात एक सुई होती. डॉक्टरची असते ना, तसली. माझ्या बोटात गेली असती तर?"

"मग टपालाचं काय?"

"टपाल पोस्टात राहील. ज्याला हवं त्याने येऊन न्यावं. तसा नियमच आहे."

"मी पोस्टात येऊ? मधे तो मोठा रस्ता, त्यावर बर्फ."

"मला काय सांगतोस? माझे पाय बघ... म्हणजे, हात लावून बघ हवं तर. सुजून खांब झालेत. तिसऱ्या मजल्यावर मी चढायची नाही. बाकी तुझ्यासाठी काय म्हणशील ते करीन."

शेवटी तो शेजाऱ्याचा हात धरून पोस्टात गेला. तिथल्या मुख्य बाईंनी त्याला खुर्ची दिली, आवाज मऊ केला, आणि तेच सांगितलं. पेटी धड नसेल तर पोस्टाने आत काही टाकायचं नाही. पेट्या दुरुस्त करणं राहणाऱ्यांचं काम. तोवर हवं तर कुणाला तरी नेमून द्या, त्याच्याकडे टपाल देत जाऊ.

राहणाऱ्यांना सांगून बघितलं. एक म्हणाला, "मला कोण पत्र लिहितंय?" दुसरा वडीलधाऱ्याला मान देत म्हणाला, "आगा, दारं बसवली की परत चोरीला जाणार, मग कशाला?" आणि हे बोलता बोलता तो बिया फोडत होता, टरफलं फू करून खाली थुंकत होता. त्यातलं एक केंझेतायच्या हातावर येऊन चिकटलं. त्याने ते झटकलं आणि वर निघून गेला.

मग तळमजल्यावरची कुलाशच आपण होऊन म्हणाली, "आगा, माझ्याकडे देत जाऊ दे की! माझी खिडकी तळमजल्यावर, मी सारा दिवस तिथेच."

कुलाशचा नवरा तळ्यावर मासे धरायचा, ती मागच्या अंगणात त्यांना धुरी द्यायची आणि खिडकीतून विकायची. मोठ्याने हसणारी, सढळ हाताची बाई. केंझेतायला जाता येता हाक मारायची. त्याला हायसं वाटलं. पोस्टात तिचं नाव दिलं. रिम्मा खिडकीवर टकटक करून पुस्तक आत द्यायची, कुलाश हाक मारून त्याला द्यायची. दुसरा खंड असा सुखरूप आला. वाचून झाला, परतही गेला. तांडा वाळूच्या वादळात सापडला होता आणि वैदूची बायको मागे राहिली होती.

तिसरा खंड मात्र येईना.

"आलं का गं काही?"

"नाही हो आगा. पोस्टाचं काय खरं आहे आजकाल?"

परत विचारलं, की परत तेच. हिवाळा सरत आला, छपरावरून पाणी ठिबकू लागलं. केंझेताय मनातल्या मनात त्या बाईला वादळातून शोधून काढत होता, कधी जिवंत, कधी मेलेली. आणि नौरुझच्या, वसंतातल्या नववर्षाच्या, सणाला कुलाशने त्याला हाक मारली.

"आगा, सणाचं तोंड गोड करायला माझ्याकडे काही नाही, हा मासा घ्या. चांगला गाभोळीचा आहे."

त्याने तिला तोंडभर आशीर्वाद दिला. वर येऊन टेबलाशी बसून पुडा सोडला आणि मासा हातानेच तोडून खाल्ला. खरंच चांगला होता. अर्धा मासा संपल्यावर तेलकट बोटं पुसायला त्याने पुड्याचा कागद ओढला, आणि बोटं जागच्या जागी थांबली.

कागद जाड होता. त्यावर ठिपके होते.

तेलाने काही दबले होते, काहींवर खवलं चिकटलं होतं. त्याने नखाने खवलं काढलं आणि वाचलं. "...उंटिणीने मान वळवली तेव्हा वैदूला वाटलं, तिला तो ओळखीचा आवाज..." पुढे माशाचं कातडं चिकटलेलं. तो मोरीकडे धावला, दाराच्या चौकटीवर आपटला आणि सगळं ओकून टाकलं. ओकून झाल्यावरही तोंडात तीच चव होती, धुराची आणि तेलाची, आणि बोटांवर तोच वास.

तसाच तो पुडा घेऊन खाली गेला. खिडकीशी दोन-तीन गिऱ्हाईकं होती.

"कुलाश, हा कागद कुठला?"

"कुठला म्हणजे? पुड्याचा." आवाजात हसू होतं, पण किंचित उशिरा आलेलं.

"हे माझं पुस्तक आहे."

"अहो आगा, कोरा कागद होता तो! बघा ना तुम्ही लोक, एक तरी अक्षर आहे का?" तिने गिऱ्हाइकांनाच साक्षीला धरलं. कुणीतरी फिस्सकन हसलं.

"मी तुला सांगितलं होतं. तुझा हात हातात धरून तुला ठिपके दाखवले होते. तूच म्हणालीस, मुंग्या चालल्यासारखं लागतंय."

कुलाशचा आवाज खाली आला. "वर्तमानपत्रं मिळतात का आता? मासा काय नुसता हातात देऊ? शेवटची दोन पानं काढली होती, म्हटलं आगांना कळायचं नाही. मग वाटलं, दोन पानं कमी असलेलं पुस्तक कसं द्यायचं? मग म्हटलं, जाऊ दे, संपवूनच टाकावं."

"आणि मला रोज सांगत होतीस, आलं नाही म्हणून."

"चुकलं. मासे घेऊन जा हवे तितके. आणि एवढं काय त्यात? आंधळ्या माणसाला..." तिने जीभ चावली, पण शब्द निघून गेला होता.

केंझेतायला तिच्या हसण्याची किळस आली, तिच्या खिडकीतून येणाऱ्या उबदार धुराची किळस आली, आणि सगळ्यात जास्त स्वतःची, कारण अर्धा मासा तो चवीने मिटक्या मारत खाऊन बसला होता.

"उरलंय ते दे," तो म्हणाला.

तिने उरलेली पानं दिली. पाव खंडसुद्धा नव्हता. गिऱ्हाइकांतल्या एका म्हातारीने आपल्या पिशवीतला मासा उघडा केला आणि त्याचा कागद केंझेतायच्या हातात ठेवला.

घरी त्याने पानं टेबलावर पसरली, खालीवर जुनी फडकी घालून दाबली, तेल शोषून घ्यायला पीठ भुरभुरलं. वास गेला नाही. तो वाचायला बसायचा, उठून हात धुवायचा, परत बसायचा. तरी वाचलं. वैदूची बायको सापडली की नाही ते त्या पानांत नव्हतं. ते गावातल्या कुठल्यातरी चुलीत जळून गेलं होतं.

वाचनालयाला त्याने ब्रेलमध्येच सगळं कळवलं. उत्तर आल्याचं रिम्माने खालूनच ओरडून सांगितलं. कुलाशच्या खिडकीपाशी ती आता थांबत नव्हती.

"केंझेताय! तुझं टपाल आहे! काय करू याचं?"

त्याने खिडकी उघडली. "तिथेच थांब!"

घरात कपडे वाळत घालायची दोरी होती आणि बायकोची बाजाराची मेणकापडी पिशवी. पिशवी बांधून त्याने खाली सोडली. ती भिंतीला घासत, दुसऱ्या मजल्याच्या सज्ज्याला अडकत खाली गेली.

"आणखी सोड! आणखी! बास!" रिम्मा म्हणाली. "अरे, हे बरं आहे. आधी का नाही सुचलं आपल्याला?"

"आधी मला माणसांवर भरवसा होता," केंझेताय म्हणाला.

वाचनालयाने लिहिलं होतं की तिसऱ्या खंडाची ती एकच प्रत होती. रागावले नव्हते. चौथा पाठवतो आहोत, असं म्हटलं होतं. मेच्या सुरुवातीला चौथा खंड पिशवीत बसून वर आला. पहिल्याच पानावर वैदू आणि त्याची बायको एका विहिरीशी भांडत बसले होते. केंझेताय बराच वेळ त्या ओळीवर बोटं ठेवून राहिला.

त्यानंतर काही दिवसांनी खालून दोरीला हिसका बसला. रिम्माची हाक नव्हती. त्याने ओढून घेतलं. पिशवी जड होती. आत हात घातला तर कागदाऐवजी स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला मोठा मासा होता, अजून कोमट.

"आगा, आजचाच आहे!" खालून कुलाशचा आवाज आला. "घ्या ना! किती दिवस धरून बसणार?"

त्याने मासा पिशवीत ठेवून पिशवी खाली सोडली, ती जमिनीला टेकून दोरी सैल झाली तसा थांबला. ती तशीच सैल राहिली. मग कुलाशची पावलं जवळ आली, पिशवी हलकी झाली, आणि पावलं परत गेली.

पिशवी वर घेऊन त्याने ती आतून बाहेरून सोड्याने घासली, हुंगून पाहिली, आणि पुन्हा एकदा घासायला घेतली.