शेवटची टाकी

“थोडी गरम होऊ द्या आणि परत बघा,” मिहीर म्हणाला. “घाई नाही.”

अरुण देवपुजारीने ग्लास दोन्ही तळहातांत धरून उबवला. वरची काचेची चकती सरकवली आणि नाक आत घातलं.

तोच वास. ताज्या लोण्याचा. नागपूरला आई ताक घुसळायची तेव्हा स्वयंपाकघरात यायचा तसाच. अरुणला हा वास फार आवडायचा, पण बिअरमध्ये तो दोष मानतात; तो आला की माल थांबवायचा, हेच काम त्याने मिनेसोटाच्या या कारखान्यात सत्तावीस वर्षं केलं होतं. आईला त्याने शेवटपर्यंत ‘खाद्यपदार्थांच्या लॅबमध्ये आहे’ एवढंच सांगितलं होतं.

“लोणी आहे,” तो म्हणाला.

“किती?”

“कळण्याइतकं.”

मिहीर मुंबईचा, पस्तिशीचा. कारखान्यात वाइन सुरू झाली तेव्हा तो ती बघायला आला आणि आता सगळंच बघत होता. गेल्या काही वर्षांत लोक वाइनकडे वळले होते. अर्ध्या शेडमध्ये कॅलिफोर्नियाहून टँकरने येणारी वाइन डब्यांत भरली जायची. उरलेल्या अर्ध्यातली ही बिअरची शेवटची टाकी. तिच्या बाटल्यांवर खास लेबल लागणार होतं आणि शनिवारच्या निरोपाच्या जेवणात प्रत्येक कामगाराला एकेक खोकं मिळणार होतं.

“काका, हाच वास वाइनमध्ये असला ना, तर लोक मुद्दाम मागून घेतात,” मिहीर म्हणाला.

“माहीत आहे. ही वाइन नाही.”

“आणखी चार दिवस ठेवली तर जाईल का?”

“गाळायच्या आधी ठेवली असती तर गेला असता. आता तो वास खाऊन टाकणारं यीस्टच निघून गेलंय. मी तेव्हाच म्हटलं होतं.”

सोमवारी टाक्या काढून न्यायला माणसं येणार होती, म्हणून घाई मिहीरनेच केली होती. “सही तुमचीच लागते,” तो म्हणाला. “उद्या दुपारपर्यंत सांगा. आणि काका, वाइनच्या लॅबमधली तुमची जागा पक्की आहे. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.”

चव बघायच्या खोलीत सात खुर्च्या होत्या. सकाळी अकराला सातही भरायच्या. कोणी बोलायचं नाही, आपापल्या कागदावर लिहायचं आणि मग सगळ्यांचे कागद एकत्र ठेवायचे. सातांपैकी पाच जणांनी तेच लिहिलेलं असलं की अरुणला दिवसभर बरं वाटायचं. एकेक जण निवृत्त झाला. गेलं दीड वर्ष तो एकटाच अकराला दार लावून बसत होता.

आपलं नाकच म्हातारं झालं असेल तर? दुपारी त्याने एक बाटली भरून घेतली आणि कॅरलकडे गेला. बावीस वर्षं ती त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली होती. तिने दार उघडलं तेव्हा तिच्या हातात पांढऱ्या वाइनचा ग्लास होता.

“पोट फुगतं बिअरने,” ती जराशी ओशाळून म्हणाली.

तिने डोळे मिटून बराच वेळ वास घेतला. मग ग्लास खाली ठेवला.

“अरुण, कोविडनंतर मला कॉफीसुद्धा नीट कळत नाही. उगीच हो कशी म्हणू?” थोड्या वेळाने तिने विचारलं, “तुला काय येतंय?”

“लोणी.”

“मग असेल लोणी.”

तिची मुलगी तिला न्यायला आली, तसा तो उठला.

संध्याकाळी बायकोचा, नीलांबरीचा फोन आला. मुलीचं, सईचं बाळंतपण झाल्यापासून ती तिच्याकडे फ्रिस्कोलाच होती. नातू आता दोन वर्षांचा झाला होता.

“द्या ना सही करून,” ती म्हणाली. “कोणी आजारी पडणार आहे का त्याने?”

“नाही.”

“मग? लोकांच्या आनंदाचा दिवस आहे. आणि इथे कोण पितंय आता बिअर? सई आणि जावई वाइनच घेतात.”

“नीलू, त्या बाटल्या लोक वर्षानुवर्षं ठेवतील. कधीतरी कोणीतरी उघडेल.”

“उघडेल तेव्हा तुम्ही असणार आहात का तिथे?” मागून नातवाचा आवाज आला. “उठला वाटतं. ठेवते. इकडे कधी येताय?”

“बघतो,” म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी अकराला त्याने नवा ग्लास भरला. एकदा वास घेतला, दहा मिनिटं थांबला, पुन्हा घेतला. मग कागदावर ‘नामंजूर’ लिहिलं, खाली सही केली आणि कागद मिहीरच्या टेबलावर ठेवला. मिहीरने तो वाचला.

“ओके,” तो म्हणाला. “शनिवारी वाइन देऊ सगळ्यांना.”

बातमी जेवणाच्या सुट्टीतच पसरली. अरुण डबा घेऊन बसला त्या टेबलावरचे दोघे लवकर उठले.

दुपारी टाकीचा व्हॉल्व्ह त्याने स्वतः उघडला. बिअर जमिनीतल्या नाल्यात पडू लागली आणि फेस गुडघ्याएवढा चढला. बाटल्या भरायच्या मशीनवर तीस वर्षं काढलेला डीन येऊन उभा राहिला. खास लेबलावरचं चित्र त्याच्याच मुलीने काढलं होतं.

“खरंच वास होता?”

“होता.”

डीनने वाकून ओंजळीत बिअर घेतली, नाकाशी धरली. बराच वेळ.

“मला नाही येत,” तो म्हणाला. राग नव्हता त्यात. हात पँटला पुसून तो निघून गेला.

टाकी रिकामी व्हायला पाऊण तास लागला. अरुण तिथेच उभा होता. धार बारीक झाली, मग थेंब, मग तेही थांबले. फेस मात्र बसता बसेना. त्याने भिंतीवरचा पाण्याचा पाइप काढला आणि एका कोपऱ्यापासून फरशी धुवायला घेतली.