सुमनबाईसाठी न उठलेली शिळा

"उठली! शिळा उठली!" निर्णा गावाकडच्या माळावर एकच कल्लोळ उठला. सव्वाशे किलोचे बसवंतप्पा दगडी लादीवर मांडी घालून बसले, शिळानाथ महाराजांनी कमंडलू हलवला आणि लादी त्यांना घेऊन चांगली हातभर वर गेली!

"पुण्यवंताला धरणीमाय उचलती," महाराज गरजले, "भानामती करणाऱ्याला न्हाई!"

गर्दीत पंचशीला दातओठ खात उभी होती. शेजारी तिची आई सुमनबाई, तोंडाला पदर लावून. गेल्या महिन्यात तिला याच शिळेवर बसवलं होतं. बसवंतप्पांच्या सुनेला झटके यायचे, त्याचा आळ सुमनबाईवर. शिळा उठली नाही. मंत्र म्हणता येऊ नये म्हणून बसवंतप्पांसकट लोकांनी तिचे पुढचे दोन दात दगडानं पाडले. त्या दिवसापासून पंचशीलाला एकच ध्यास होता, या बुवाची सगळ्यांदेखत नाचक्की करायची.

भालकीच्या एका गोदामात ती माल उचलायची फोर्कलिफ्ट चालवायची. तिची नजर शिळेवरच होती. शिळा चढली ती बोटबोट, थांबत थांबत. उतरली मात्र सलग, आणि खालून 'फुस्स' असा आवाज आला. हा आवाज ती रोज ऐकत होती.

"महाराज, तुमीच बसा की एकदा!" ती ओरडली.

लोकांनी गलका केला. महाराज ऐटीत बसले, शिळेखाली कनातीआड खणलेल्या खड्ड्यात त्यांचा चेला व्यंकट लपलेला होताच. पण पंचशीला मागून त्या खड्ड्यात उतरली, पाना उगारून व्यंकटला गप्प बसवलं आणि पंपाचा व्हॉल्व्ह उघडा केला.

कमंडलू हलला. शिळा ढिम्म!

"ह्योच भानामती करायलाय! पाडा दात!" म्हणत बसवंतप्पांनी वाकून दगड उचलला.

पडू द्यावेत, असं पंचशीलाला अगदी मनापासून वाटलं. पण मग शिळा खरी ठरली असती आणि आई खोटी. तिनं कनात टराटरा फाडली.

"दगडाला काय कळतंय? दांडा दाबला की पंपातलं तेल मोठ्या सिलिंडरात जातंय. तेल दाबून आकसत न्हाई, म्हणून ते दट्ट्याला वर रेटतंय. माझी फोर्कलिफ्ट अशीच दोन टन उचलती. व्हॉल्व्ह उघडला की तेल टाकीत परत, मग कुणीबी बसू द्या. माझ्या आईच्या येळेला ह्यो व्हॉल्व्ह उघडाच ठेवला होता, व्हय ना रे?"

व्यंकटनं होकारार्थी मान हलवली.

पंचशीलानं आईला शिळेवर बसवलं, व्हॉल्व्ह बंद केला आणि महाराजाला मानगूट धरून खड्ड्यात ढकललं. "मार पंप!"

महाराज घामाघूम झाला. "बाई, हात भरून आले..."

"अजून मार!"

सुमनबाई बोटबोट वर चढली. तिनं तोंडावरचा पदर काढला. सगळ्यांनी पडलेल्या दातांची ती रिकामी जागा पाहिली.

"आमाला काय म्हाईत होतं अक्का?" बसवंतप्पा सुमनबाईपुढं चाचरले.

"म्हाईत नव्हतं तर बघायचं होतं! सुनेला आजच डॉक्टरकडं न्या. आन् माझ्या आईचे दात पाडायला दगड उचललात, तवा वाकलाच होता न्हवं अप्पा? तवाच जरा शिळेखाली बघायचं होतं. आता चला, पोलिसांपुढं सांगा."